अर्धा अंश तापलेला समुद्र आणि हजारो किलोमीटरवरचा पाऊस

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. प्रशांत महासागराचे पाणी जेमतेम अर्ध्या अंशाने तापले की एल निनोची चर्चा सुरू होते, तर एवढ्याशा फरकाने जगभरच्या पावसावर परिणाम कसा होतो? हे चक्र आहे, तर त्याचे वेळापत्रक का सांगता येत नाही? आणि १९९७ साली विसाव्या शतकातील सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक असतानाही भारतात पाऊस सरासरीइतका झाला, मग या अंदाजांवर विश्वास तरी किती ठेवायचा? गेली बावीस वर्षे मी समुद्राच्या तापमानाच्या नोंदींवरून हंगामी पावसाचे अंदाज तयार करण्याचे काम करते, आणि यांपैकी तिसरा प्रश्न मला स्वतःलाही अनेकदा अस्वस्थ करून गेला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच अपेक्षा आहे. तापमानाचा आकडा हे कारण, पाऊस हा त्याचा परिणाम, आणि आकडा जितका मोठा तितका परिणाम मोठा, असे आपण धरून चालला आहात. वृत्तपत्रांतून बातमी तशीच येते, त्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु समुद्र आणि पाऊस यांच्यामध्ये वारा आहे, आणि त्या वाऱ्याला आकड्यापेक्षा जागेचे अधिक कळते. पाणी किती तापले याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ते कुठे तापले आणि तापण्यापूर्वी तिथले तापमान किती होते याला असते.

प्रथम अर्ध्या अंशाविषयी. एल निनो ठरवण्यासाठी ज्या पट्ट्याचे तापमान प्रामुख्याने पाहतात त्याला निनो ३.४ असे नाव आहे. तो विषुववृत्ताच्या उत्तरेला व दक्षिणेला पाच-पाच अंशांपर्यंत आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांदरम्यान पसरलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ साधारण ६२ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळजवळ दुप्पट भरते. या पट्ट्यातील वरचे ५० मीटर पाणी अर्ध्या अंशाने तापवायला किती ऊर्जा लागेल, याचा हिशेब कागदावर सहज करता येतो. पाण्याचे वस्तुमान, त्याची विशिष्ट उष्णता आणि अर्धा अंश यांचा गुणाकार केला की जे उत्तर येते, ते सारी मानवजात कोळसा, तेल, वायू आणि वीज मिळून एका वर्षात जेवढी ऊर्जा वापरते, जवळपास तेवढेच असते. म्हणजे तापमापीवर जो फरक क्षुल्लक दिसतो, तो उष्णतेच्या हिशेबात अवाढव्य आहे.

यात पाण्याच्या आणि हवेच्या स्वभावातला फरकही येतो. एका चौरस मीटर जागेवरचा, जमिनीपासून आकाशाच्या टोकापर्यंतचा संपूर्ण हवेचा स्तंभ एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच उष्णता समुद्राच्या वरच्या अडीच-तीन मीटर पाण्याला एक अंशाने तापवायला लागते. म्हणूनच हवेतली घडामोड आठ-पंधरा दिवसांत विरून जाते, तर समुद्रात साठलेली उष्णता महिनोन्‌महिने टिकते. परवाचा पाऊस सांगताना मला आजची हवा पुरते; तीन महिन्यांनंतरच्या हंगामाविषयी काही सांगायचे असेल, तर समुद्राखेरीज हाताशी फारसे काही नसते.

आता जागेचा मुद्दा, आणि इथे मी थोडी अधिक रेंगाळणार आहे, कारण १९९७चे कोडे इथेच सुटू लागते. उष्ण कटिबंधातील समुद्रावर उंच, गडगडाटी ढग उभे राहायला पाण्याचे तापमान साधारणपणे २७.५ ते २८ अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते. त्याखाली बाष्पीभवन होतच असते, परंतु हवा वर चढून बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग होतील इतका जोर तिला मिळत नाही. आता दोन ठिकाणे डोळ्यांसमोर आणा. पेरूच्या किनाऱ्यालगत पाणी २० अंशांवर आहे आणि ते दोन अंशांनी तापून २२ झाले. ढगांच्या दृष्टीने तिथे फारसे काही बदलले नाही. आंतरराष्ट्रीय वाररेषेजवळ पाणी २८ अंशांवर आहे आणि ते केवळ एका अंशाने तापून २९ झाले. तिथे ढगांचे डोंगरच्या डोंगर उभे राहतात, वाफेचे पुन्हा पाणी होताना प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता हवेत मोकळी होते, आणि त्या उष्णतेमुळे अर्ध्या पृथ्वीवरचे वारे आपली वाट बदलतात. नकाशावर पहिली जागा गडद लाल दिसते आणि दुसरी फिकट नारिंगी. पावसाच्या दृष्टीने मात्र अनेकदा ती फिकट नारिंगी जागाच निर्णायक असते.

हे सारे नीट उलगडण्यासाठी प्रशांत महासागराची नेहमीची घडी समजून घ्यावी लागेल. विषुववृत्तावर व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि पृष्ठभागावरचे तापलेले पाणी इंडोनेशियाच्या दिशेने ढकलत राहतात. त्यामुळे पश्चिमेकडे उष्ण पाण्याचा प्रचंड साठा होतो. तिथली समुद्रपातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. वरचे उष्ण पाणी आणि खालचे थंड पाणी यांच्यामधल्या सीमेला थर्मोक्लाइन म्हणतात. ती पश्चिमेकडे दीडशे-दोनशे मीटर खोल असते, तर पूर्वेकडे पन्नास मीटरांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही वर असते. पूर्वेकडे खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, म्हणून पेरूच्या किनाऱ्यावर मासळी विपुल. पश्चिमेकडच्या उष्ण साठ्यावर हवा वर चढते, तिथे पाऊस पडतो, ती हवा उंचावरून पूर्वेकडे जाऊन थंड पाण्यावर खाली उतरते आणि पृष्ठभागावरून पुन्हा पश्चिमेकडे येते. या चक्राला वॉकर अभिसरण म्हणतात. गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ या काळात भारतातील वेधशाळांचे प्रमुख होते. मॉन्सूनचा अंदाज बांधण्याच्या खटपटीत, जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी हातांनी पडताळताना, त्यांना असे आढळले की प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला तो घटतो, जणू तराजूची दोन पारडी. समुद्राच्या पोटातल्या नोंदी त्यांच्याजवळ नव्हत्या. ती दुसरी बाजू १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी जोडली आणि दाखवून दिले की दाबाचा हा झोका आणि पेरूच्या कोळ्यांना नाताळाच्या सुमारास जाणवणारे उष्ण पाणी, ज्याला ते बाळ येशूवरून एल निनो म्हणत, या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत.

ब्यर्कनेस यांच्या मांडणीतला गाभा असा की समुद्र वाऱ्याला बदलतो आणि वारा समुद्राला. व्यापारी वारे काही कारणाने ढिले पडले, तर पश्चिमेकडे अडवून धरलेले उष्ण पाणी पूर्वेकडे सरकते. पूर्वेकडचे पाणी तापले की दोन टोकांमधला तापमानाचा फरक कमी होतो. फरक कमी झाला की वारे आणखी ढिले पडतात. एल निनो असा स्वतःच स्वतःला पोसत वाढतो. उलट दिशेने हेच घडले, वारे नेहमीपेक्षा जोरकस झाले आणि पूर्वेकडचे थंड पाणी आणखी पसरले, की ती ला निना. हा परस्परसंबंध ध्यानात ठेवल्यास आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही सोपे जाते.

चक्र असूनही वेळापत्रक का नाही? कारण हे ऋतूंसारखे बाहेरून, सूर्याने चालवलेले चक्र नाही. एल निनोच्या काळात विषुववृत्ताजवळची साठलेली उष्णता हळूहळू उत्तर-दक्षिणेकडे बाहेर पडते, साठा रिकामा होतो, मग पुन्हा भरायला काही वर्षे लागतात. म्हणून दोन एल निनोंमध्ये साधारण दोन ते सात वर्षांचे अंतर असते. साठा भरलेला असणे ही पूर्वअट आहे. तो केव्हा सांडेल, हे मात्र पश्चिम प्रशांत महासागरात अधूनमधून उठणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या झोतांवर अवलंबून असते, आणि हे झोत आठवडा-दोन आठवड्यांचे असतात. सहा महिने आधी ते सांगता येत नाहीत. भरलेली घागर डोक्यावर आहे हे दिसते. ठेच कधी लागेल हे दिसत नाही.

याचा सर्वांत बोचरा धडा मला २०१४ मध्ये मिळाला. दर महिन्याच्या सुरुवातीला मी पृष्ठभागाचा नकाशा उघडण्याआधी विषुववृत्तावरचा समुद्राचा उभा छेद पाहते. डावीकडे इंडोनेशिया, उजवीकडे दक्षिण अमेरिका, वर पृष्ठभाग आणि खाली तीनशे मीटरांपर्यंतची खोली. त्या वर्षी मार्चमध्ये शंभर-दीडशे मीटर खोलीवर उष्ण पाण्याचा एक भला मोठा फुगवटा पूर्वेकडे सरकताना दिसत होता. अशा फुगवट्याला केल्विन लाट म्हणतात. ती दोन-तीन महिन्यांत संपूर्ण महासागर ओलांडते. ते चित्र १९९७च्या वसंतातल्या चित्राशी इतके जुळत होते की मी ज्या जलव्यवस्थापन संस्थेसाठी तेव्हा काम करीत होते, तिला प्रबळ एल निनोची तयारी ठेवण्याचा सल्ला दिला. लाट पूर्वेकडे पोचली, पाणी तापलेही. परंतु वाऱ्यांनी प्रतिसाद दिला नाही, पश्चिमी झोत थांबले आणि ऑगस्टपर्यंत सारे विरून गेले. त्यातली काही उष्णता मागे राहिली आणि प्रबळ एल निनो आला तो पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये. जलाशयातले पाणी राखून ठेवण्याचे जे निर्णय माझ्या सल्ल्यावरून घेतले गेले, त्यांची किंमत लोकांनी मोजली, आणि तेव्हापासून केवळ समुद्राचा छेद पाहून मी कधीही ठाम बोलत नाही. वाररेषेजवळ ढग खरोखर उभे राहिले आहेत का आणि व्यापारी वारे सलग काही आठवडे मंदावले आहेत का, हे दोन्ही दिसल्याखेरीज घटना जुळून आली असे मी मानत नाही.

त्यात वर्षातल्या काळाचीही अडचण आहे. मार्च ते मे या महिन्यांत प्रशांत महासागराच्या पूर्व-पश्चिम भागांतला तापमानाचा फरक मुळातच सर्वांत कमी असतो, त्यामुळे लहानसा धक्काही घडी कोणत्याही बाजूला नेऊ शकतो. या काळापूर्वी केलेले अंदाज त्यापलीकडे फारसे टिकत नाहीत. जूननंतर केलेला अंदाज डिसेंबरपर्यंत बऱ्यापैकी खरा ठरतो, कारण एल निनो सहसा नोव्हेंबर ते जानेवारीत शिखर गाठतो. फेब्रुवारीत वाचलेली बातमी आणि जुलैत वाचलेली बातमी शब्दांनी सारखी असली, तरी त्यांचे वजन सारखे नसते.

आता पावसाकडे येते. वॉकर अभिसरणाची वर चढणारी बाजू पूर्वेकडे सरकली की इंडोनेशिया आणि पूर्व ऑस्ट्रेलियावर हवा खाली उतरू लागते आणि पाऊस कमी होतो. १९९७ मध्ये इंडोनेशियातील जंगले आणि दलदली महिनोन्‌महिने जळत राहिल्या त्या याच कोरडेपणामुळे. त्याच वेळी पेरूच्या वाळवंटी उत्तर किनाऱ्यावर प्रबळ एल निनोत पूर येतात, कारण तिथले पाणी मग खरोखरच २७-२८ अंशांच्या पुढे जाते. ब्राझीलचा ईशान्य भाग कोरडा पडतो आणि दक्षिण भाग भिजतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागात पाऊस घटतो, तर पूर्व आफ्रिकेत ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस वाढतो. उत्तर अमेरिकेवरचा उंचावरील वेगवान वाऱ्याचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. अटलांटिकवर खालच्या आणि वरच्या वाऱ्यांतली तफावत वाढते आणि चक्रीवादळांना आकार घेणे अवघड होते. यांपैकी कोणताही परिणाम दर खेपेस घडतोच असे नाही. इंडोनेशियाचा संबंध पक्का आहे, तर प्रशांत महासागरापासून जसजसे दूर जावे तसतसा तो सैल होत जातो, कारण वाटेत इतर समुद्र आणि इतर वारे भेटतात.

भारताचा संबंध या दोहोंच्या मधला आहे. मॉन्सूनच्या मोठ्या दुष्काळांची वर्षे पाहिली तर १८७७, १८९९, १९१८, १९७२, १९८७, २००२, २००९ ही सारी एल निनोचीच वर्षे आहेत, म्हणून संबंध नाही असे म्हणता येणार नाही. पण उलट बाजूने, प्रत्येक एल निनोच्या वर्षी दुष्काळ पडतो का, तर नाही. १९९७ मध्ये देशाचा मॉन्सूनचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के होता. पाच वर्षांनी, २००२ मध्ये, आकड्याने त्याहून बराच मवाळ एल निनो असताना पाऊस १९ टक्क्यांनी कमी पडला, आणि एकट्या जुलै महिन्यात तर तो जवळजवळ निम्म्यावर आला. मोठ्या एल निनोत पाऊस ठीक, मध्यम एल निनोत दुष्काळ: आकड्यालाच कारण मानणाऱ्याला हे उलटेच वाटेल.

याची दोन कारणे दिली जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिले म्हणजे जागा. १९९७ चे सर्वाधिक तापलेले पाणी पूर्व प्रशांत महासागरात, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला होते. २००२ आणि २००९ मध्ये ते मध्य भागात, वाररेषेच्या जवळ होते. मघाशी लिहिल्याप्रमाणे मध्य भागातले पाणी मुळातच ढग उभे राहण्याच्या उंबरठ्यावर असते, त्यामुळे तिथला लहानसा फरकही वर चढणाऱ्या हवेची जागा हलवतो, आणि त्या हवेची खाली उतरणारी बाजू भारतीय उपखंडावर येण्याची शक्यता वाढते. हवामानशास्त्रज्ञ कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हा फरक स्पष्टपणे मांडला, आणि त्यानंतर माझ्यासारख्या अनेकांनी केवळ निनो ३.४ चा आकडा पाहणे सोडून दिले.

दुसरे कारण म्हणजे हिंदी महासागर. त्याच्या पश्चिम भागातले, आफ्रिकेच्या बाजूचे पाणी आणि पूर्वेकडचे, सुमात्राजवळचे पाणी यांच्यातही असा झोका असतो. १९९९ मध्ये त्याला द्विध्रुव, म्हणजे डायपोल, असे नाव मिळाले. पश्चिमेकडचे पाणी उष्ण आणि सुमात्राजवळचे थंड झाले की डायपोल धन असतो, आणि तेव्हा भारताकडे येणाऱ्या बाष्पयुक्त वाऱ्यांना बळ मिळण्याची शक्यता असते. १९९७ मध्ये तो ठळकपणे धन होता. २००२ मध्ये तसा आधार नव्हता. २०१९ मध्ये डायपोल अतिशय प्रबळ धन झाला तेव्हा भारतात मॉन्सून ११० टक्के झाला, पूर्व आफ्रिकेत पूर आले, आणि महासागराच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियात पाऊस इतका घटला की त्या उन्हाळ्यातले वणवे दीर्घकाळ स्मरणात राहतील. त्या वर्षी प्रशांत महासागरात सांगण्यासारखे फारसे काही घडत नव्हते. पावसाच्या प्रत्येक चढउताराचा दोष एल निनोवर टाकण्याच्या सवयीला २०१९ हे चांगले उत्तर आहे.

असे असले तरी डायपोल एल निनोला नेहमी निष्प्रभ करतो असा नियमही बांधू नये. २०२३ चे उदाहरण पाहा. एल निनो वाढत होता. ऑगस्टमध्ये भारतात ३६ टक्के तूट आली आणि १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नंतर डायपोल धन झाला, सप्टेंबरमध्ये पाऊस सरासरीपेक्षा जास्त झाला आणि हंगाम ९४ टक्क्यांवर संपला. हंगामाचा आकडा सौम्य दिसतो, पण ज्याचे पीक ऑगस्टमध्ये पाण्यावाचून करपले त्याला सप्टेंबरचा पाऊस परत काही मिळवून देत नाही. समुद्र हंगामाचा कल सांगतो. महिन्यांमधली वाटणी बहुतांशी तीस ते साठ दिवसांच्या वातावरणीय हेलकाव्यांवर जाते, आणि तिथे समुद्राचे ज्ञान अपुरे पडते. हंगाम बदलला की चिन्हही बदलू शकते: एल निनोच्या वर्षी जून ते सप्टेंबरचा पाऊस घटण्याकडे कल असतो, तर तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मॉन्सून अनेकदा नेहमीपेक्षा चांगला होतो. एकच देश, एकच समुद्र, आणि तीन महिन्यांच्या अंतराने उलटा परिणाम.

इथपर्यंतचे थोडक्यात: अर्धा अंश ही उष्णता म्हणून प्रचंड आहे, तिचा परिणाम तिच्या जागेवर आणि वाऱ्याच्या साथीवर अवलंबून असतो, आणि एका महासागराची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीवाचून अपुरी असते. आता आपण थेट विचारले नाही, परंतु ज्यावाचून उत्तर अर्धवट राहील, अशा दोन गोष्टी.

एक म्हणजे दशकांची चक्रे. उत्तर प्रशांत महासागराच्या तापमानात वीस-तीस वर्षांचा एक मंद झोका दिसतो. तो प्रथम ध्यानात आला तो हवामानाच्या नोंदींतून नव्हे, तर अलास्का आणि त्याच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवरील सामन माशांच्या दशकानुदशकांच्या नोंदींतून. एकीकडे मासळी वाढली की दुसरीकडे ती घटत होती. उत्तर अटलांटिकमध्ये साठ-सत्तर वर्षांचा चढउतार सांगितला जातो आणि आफ्रिकेतील साहेल पट्ट्यातला १९७० व १९८० च्या दशकांतला भीषण दुष्काळ अटलांटिकच्या उत्तर-दक्षिण तापमानातील फरकाशी जोडला जातो. ही दीर्घ चक्रे मी सावधपणे वापरते. शंभर-सव्वाशे वर्षांच्या चांगल्या नोंदींत साठ वर्षांचे चक्र फार तर दोनदा बसते, आणि दोन आवर्तनांवरून तिसऱ्याची हमी देता येत नाही. अटलांटिकच्या बाबतीत तर त्यातले किती नैसर्गिक आणि किती कारखान्यांच्या धुरातील कणांमुळे, यावर आजही वाद आहे. वार्षिक निर्णयासाठी त्यांचा उपयोग नाही असेच मी म्हणेन.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एल निनो समुद्रातली उष्णता हवेत सोडतो, म्हणून काही महिन्यांनी जगाचे सरासरी तापमान साधारण एक ते दोन दशांश अंशांनी वाढते. १९९८, २०१६ आणि २०२४ ही त्या त्या वेळची विक्रमी वर्षे एल निनोला लागूनच आली. त्यावरून काही जण असे सुचवतात की तापमानवाढ म्हणजे हीच नैसर्गिक चक्रे. नोंदी ते मान्य करीत नाहीत. २०२० ते २०२३ या काळात सलग तीन हिवाळे ला निना होती, म्हणजे चक्र जगाला थंड करण्याच्या बाजूला होते. तरीही २०२२ हे वर्ष १९९८ च्या प्रबळ एल निनोच्या वर्षापेक्षा उष्ण होते. चक्र वर-खाली होते, पण ज्या पायरीवर ते उभे आहे ती पायरीच वर चढली आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, त्यामुळे एल निनो वा ला निना पूर्वीइतकीच असली तरी तिच्यामुळे पडणारा पाऊस अधिक मुसळधार आणि तिच्यामुळे येणारा कोरडेपणा अधिक तीव्र होतो. पूर्व आफ्रिकेने हे अंगावर घेतले आहे: तीन वर्षांच्या ला निनात २०२० च्या अखेरीपासून पाच पावसाळे (तिथे वर्षातून दोन येतात) एकापाठोपाठ वाया गेले, आणि २०२३ च्या अखेरीस एल निनो व धन डायपोल एकत्र आले तेव्हा त्याच होरपळलेल्या भूमीवर पूर आले. या प्रदेशाचे आकडे मी जेव्हा जेव्हा उघडते, तेव्हा सरासरी हा शब्द लिहिताना हात थबकतो.

याचा अंदाजाच्या कामावरही परिणाम होतो. सारा उष्ण कटिबंधच तापत असल्यामुळे निनो ३.४ चा नुसता आकडा हल्ली फसवू शकतो. ढग कुठे उभे राहतील हे शेजारच्या पाण्याच्या तुलनेत ते पाणी किती उष्ण आहे यावर ठरते, म्हणून त्या पट्ट्याचे तापमान नेहमीपेक्षा जितके वेगळे आहे, त्या फरकातून मी संपूर्ण उष्ण कटिबंधाचा तसाच सरासरी फरक वजा करून मगच पाहते.

तर विश्वास किती ठेवायचा? हे आपण कुठे आहात, कोणत्या हंगामाविषयी विचारता आणि कोणता निर्णय घ्यायचा आहे, यावर अवलंबून आहे. काही माहिती नसताना पाऊस सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका आणि सरासरीपेक्षा जास्त असण्याची शक्यता प्रत्येकी एक तृतीयांश असते. चांगला हंगामी अंदाज यांपैकी एखादी शक्यता निम्म्यापर्यंत किंवा थोडी वर नेतो. म्हणजे पारडे झुकते, परंतु दुसरे पारडे रिकामे होत नाही. ज्या निर्णयात चूक झाली तरी थोडक्यात निभावते आणि बरोबर ठरल्यास मोठा लाभ होतो, उदाहरणार्थ कमी पाण्यावर येणारे वाण काही क्षेत्रात घेणे, जलाशयातला विसर्ग थोडा आवरणे, धान्याचा साठा आधी करणे, तिथे असा अंदाज जरूर वापरावा. जिथे सर्वस्व एका बाजूला लावायचे आहे, तिथे तो पुरेसा नाही, आणि जो कोणी पुरेसा आहे असे सांगेल त्याला त्याच्या मागील दहा वर्षांच्या अंदाजांचा हिशेब विचारावा.

एवढे तपशील आज आपल्याला पाहता येतात, हेही थोडे नाही. १९८२ मध्ये मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीच्या धुळीने उपग्रहांच्या तापमानाच्या नोंदी बिघडल्या, आणि त्या शतकातल्या मोठ्या एल निनोंपैकी एक डोळ्यांदेखत वाढत असताना तज्ज्ञांना तो वेळीच ओळखता आला नाही. त्यानंतर विषुववृत्तीय प्रशांत महासागरात नांगरलेल्या सुमारे सत्तर तरंगत्या मापनकेंद्रांचे जाळे उभारले गेले, ते १९९४ मध्ये पूर्ण झाले. आता जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार आर्गो तरंगयंत्रे दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपर्यंत जाऊन तापमान आणि क्षारता मोजून आणतात. मी दर महिन्याला जो उभा छेद उघडते, तो या यंत्रांनी भरलेला असतो. आपणही तो पाहू शकता, कारण या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. या खेपेस मार्चचा छेद पाहून ठेवा, वाररेषेजवळच्या ढगांचा आणि सुमात्रालगतच्या पाण्याचा नकाशा त्याच्या शेजारी ठेवा, आणि जूनच्या मध्यावर ही तिन्ही चित्रे पुन्हा उघडून त्यांत काय हलले ते पाहा.